बागेत वानर मेलेलं सापडलं, आता काजू वेचायचे की नाही?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदारांचा प्रश्न आहे. काजूबागेच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून, चार दिवसांपूर्वी एक वानर मरून पडलेलं दिसलं. बिया वेचायला माणसं यायची आहेत, त्यातली काही गावची, काही झारखंडहून आलेली. बाग बंद ठेवायची का? माकडतापाची लस कुठे मिळेल? ताप आलाच तर औषध कोणतं? शिवाय घरातल्या मुलाला परवा माकडाने ओरबाडलं, त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि वटवाघळांनी खाल्लेल्या बोंडांचं काय करायचं?

मुलाचं आधी घेतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. माकडाच्या नखाने किंवा दाताने कातडी फुटली की विचार माकडतापाचा नाही, रेबीजचा करायचा. जखम नळाच्या धारेखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. दोन दिवस उलटले असले तरी धुवा. हळद, चुना, तेल काही लावू नका आणि आजच मुलाला आरोग्य केंद्रात न्या. लस कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, स्नायूत दिली तर १४ व्या दिवशी आणखी एक. रक्त आलं असेल तर पहिल्या लसीबरोबरच जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते राहून गेलं तर नुसत्या लसीवर निर्धास्त होऊ नका, विचारून घ्या. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचा जो नियम आहे तो माकडाला लावता येत नाही, त्यामुळे ‘माकड अजून झाडावर धडधाकट दिसतंय’ हे कारण चालणार नाही.

मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार यांनी २०१४ पासून कुत्र्यांना सातत्याने लस टोचली म्हणून २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण दोडामार्ग आणि खानापूरच्या बाजूने जनावरं येत-जात असतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की आजही कोणाच्या हातात काही राहत नाही. लस पूर्ण करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता वानराकडे येऊ.

माकडताप माकडाकडून माणसाला थेट लागत नाही. मध्ये गोचीड असते. १९५७ मध्ये कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडली, तेव्हा हा विषाणू ओळखला गेला. त्या जंगलावरूनच आजाराचं शास्त्रीय नाव पडलं, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. बरीच वर्षं तो तिथेच आहे असं वाटत होतं. मग २०१२-१३ च्या सुमारास बंदीपूर, निलगिरी, वायनाड इथे सापडला, २०१५ मध्ये आपल्या सत्तरीत पाळी गावात, आणि २०१६ मध्ये पलीकडे दोडामार्गात. म्हणजे पश्चिम घाटाचा हा सगळा पट्टाच त्याचा आहे. आपल्याकडे फरक इतकाच की तो नेमका काजूच्या हंगामात येतो.

हा योगायोग नाही, गोचीडीच्या वाढीचं वेळापत्रक तसं आहे. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गुरांचं रक्त पिते आणि जमिनीवर पडून अंडी घालते. पावसाळ्यानंतर त्यातून बारीक पिल्लं निघतात आणि उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडं जे मिळेल त्याला चिकटतात. त्या प्राण्याच्या रक्तात विषाणू असला तर तो पिल्लात जातो आणि कात टाकून पुढच्या अवस्थेत गेल्यावरही टिकून राहतो. ही पुढची अवस्था, तिळाएवढी, डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत पातेऱ्यात (वाळक्या पानांच्या थरात) आणि झुडपांच्या टोकांवर वाट पाहत बसते. माणसाला चावते ती मुख्यतः हीच. ती इतकी लहान असते की चावलेलं बहुतेकांना कळतही नाही. ‘डॉक्टर, मला गोचीड चावलीच नाही’ असं सांगणारे पेशंट मी भरपूर पाहिले आहेत. त्यांच्या सांगण्यावर मी फारसा विसंबत नाही.

वानर मेल्यावर अंग थंड पडतं आणि त्याच्या अंगावरच्या गोचीडी उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात. वानराच्या रक्तात मरणाआधी विषाणू भरपूर असतो, म्हणून तेवढा एक तुकडा काही आठवड्यांसाठी सगळ्यात धोक्याचा होतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. बाग बंद करू नका, तो तुकडा बंद करा. मेलेल्या वानराभोवती ५० फुटांच्या परिघात कीटकनाशक पावडर टाकायची पद्धत आहे, सहसा मॅलॅथिऑन वापरतात. ते काम आरोग्य खात्याच्या लोकांकडून करून घ्या. चार दिवस झाले तरी कळवाच. जागा दाखवायला एकच माणूस जाऊ दे, पूर्ण कपड्यांत आणि गमबूट घालून. बाकीच्यांनी तिकडचे काजू या हंगामात सोडून द्यायचे. दहा-बारा झाडांचं नुकसान होईल, ते सोसा.

वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या प्राथमिक केंद्रात फोन करा, सोबत वन खात्यालाही. पशुवैद्य येऊन, अंगभर संरक्षक पोशाख घालून, नमुने घेतात आणि ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जातात. वानर पूर्ण सडलेलं असेल तर नमुन्याचा उपयोग होत नाही, म्हणून पुढच्या वेळी दिसल्या दिवशीच कळवा. प्रत्येक वानर माकडतापानेच मरतं असं नाही. विजेच्या तारेचा धक्का लागून, कुत्र्यांनी मारल्याने, विषानेही मरतात. पण एकाच भागात थोड्या दिवसांत दोन-तीन मेली तर रिपोर्टची वाट न पाहता माकडताप आहे असं समजून वागायचं.

आणि एक नाजूक गोष्ट. मेलेलं वानर म्हणजे मारुतीचं रूप, म्हणून हळद-कुंकू वाहून, हार घालून, खांद्यावरून नेऊन पुरण्याची आपल्याकडे रीत आहे. श्रद्धेला माझा विरोध नाही, लांबून हात जोडा. उचलू मात्र नका. त्या मिरवणुकीत जेवढी माणसं जवळ जातील तेवढ्यांच्या कपड्यांवर गोचीडी चढतील. उलट टोकाचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल, की माकडंच मारून टाका. कायद्याने गुन्हा आहे हे सोडा, त्याने काही साधतही नाही. विषाणू उंदरांत आणि गोचीडीत राहतोच, आणि माकडाच्या मरणामुळे आपल्याला जी आगाऊ सूचना मिळते तीही जाते. सगळ्या बागेवर औषध फवारायचं मनात असेल तर तेही नको. काजूच्या मोहोरावर मधमाश्या आणि इतर किडे काम करत असतात, त्या फवारणीचा फटका पुढच्या वर्षी पिकात दिसेल.

आता बाकीच्या बागेत कामाला जाणाऱ्यांचं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, पँटचं टोक मोज्यात खोचलेलं, गमबूट किंवा निदान बंद बूट. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात हे सांगायला सोपं, पाळायला कठीण, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी निदान खालच्या भागावर अडून राहतो: वरचा शर्ट कोणी काढला तर काढू दे, पण पाय गुडघ्यापर्यंत झाकलेले हवेत, कारण गोचीड बहुतेक खालूनच चढते. घोट्यांना, पोटऱ्यांना, कमरेला आणि मनगटांना गोचीडींना दूर ठेवणारं डेपा तेल किंवा डीएमपी तेल लावायचं. आरोग्य केंद्रात मिळालं तर उत्तम, नाहीतर बाजारातलं डीट असलेलं मलम चालतं. घाम आला की ते उतरतं, म्हणून दुपारी पुन्हा लावायचं. लोक सकाळी एकदा लावतात आणि दिवसभराची काळजी मिटली असं समजतात.

बसायची जागा बदला. जेवायला, विडी ओढायला, हुर्राकचा (बोंडांच्या रसाच्या दारूचा) घोट घ्यायला माणसं झाडाखालच्या पातेऱ्यातच बसतात. एखादी ताडपत्री आणि झाडून साफ केलेला मातीचा तुकडा एवढ्याने बराच फरक पडतो. बियांची पोती पातेऱ्यावर न टाकता त्याच ताडपत्रीवर ठेवा. (हुर्राकचा विषय निघालाच आहे म्हणून: प्यायल्याने गोचीडी लागत नाहीत, असं मला गंभीर चेहऱ्याने सांगणारे भेटले आहेत. लागतात. फक्त चावलेलं कळत नाही.)

घरी आल्यावर दारातच कपडे उतरवून गरम पाण्यात टाकायचे आणि साबणाने आंघोळ करायची. एकमेकांची काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा, कानामागे, केसांची कड तपासायची. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. रॉकेल, चुना, तंबाखू, पेटती काडी यांतलं काही लावू नका, आणि काढल्यावर नखाने चिरडू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लक्षात ठेवा.

तारीख कशासाठी? चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. एकदम येतो, थंडी वाजून, कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, कंबर आणि पोटऱ्या पिळून निघतात, डोळे लाल होतात, उलट्या, कधी जुलाब. काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचातून रक्त जातं. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली येतात. हे सगळं वाचून तुम्हाला डेंग्यू आठवला असेल. डॉक्टरलाही आधी तोच आठवतो. पणजी-म्हापशाच्या दवाखान्यात बसलेल्या माणसाला पेशंट काजूत काम करतो हे दिसत नाही. म्हणून दवाखान्यात पाय ठेवल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा: ‘मी सत्तरीतल्या काजूबागेत काम करतो, तिथे वानर मेलं होतं.’ या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआरने विषाणू सापडतो, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर आयजीएम एलायझा ही प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी पडते. साध्या डेंग्यूच्या किटवर यातलं काहीच कळत नाही.

बाहेरून आलेल्या मजुरांची मला जास्त काळजी वाटते. ताप आला की ते मुकादमाला सांगायला कचरतात, दुकानातून दोन गोळ्या घेतात, नाहीतर सरळ गावची गाडी पकडतात. मग आजार दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्यात उघडा पडतो, जिथे माकडताप कोणाच्या स्वप्नातही नसतो. कामाला घेतानाच त्यांना हिंदीत सांगा की ताप आला तर मजुरी कापणार नाही आणि सरकारी केंद्रात मी स्वतः नेईन. बागायतदार म्हणून तुमच्या हातात असलेलं हे सगळ्यात मोठं औषध.

आता खरं औषध. या विषाणूला मारणारी गोळी किंवा इंजेक्शन नाही. उपचार म्हणजे शरीराला त्या दहा-बारा दिवसांतून सुखरूप पार करणं. तापाला फक्त पॅरासिटामोल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच, कारण यकृतावर या आजाराचा आधीच ताण असतो. त्याच कारणाने दारू पूर्ण बंद. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो. गावाकडे ‘डॉक्टर, एक कमरेत द्या’ असं म्हणून जे इंजेक्शन मागितलं जातं ते बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकच असतं. प्लेटलेट उतरलेल्या माणसाला स्नायूत सुई टोचली तर तिथेच रक्त साकळतं. मागू नका, आणि कोणी देऊ लागला तर नको म्हणा. पेज, शहाळं, ओआरएस थोडं थोडं करून भरपूर द्या. पपईच्या पानांचा रस पाजू नका. तो या विषाणूवर चालतो असं कुठे दिसलेलं नाही, आणि आधीच उलट्या होणाऱ्या माणसाच्या पोटात जे चार घोट पाणी राहिलं असतं तेही त्या कडू रसाबरोबर बाहेर येतं.

अँटिबायोटिकने माकडताप जात नाही. तरीही डॉक्टरने डॉक्सिसायक्लिन सुरू केलं तर त्यांच्यावर चिडू नका. त्याच पातेऱ्यातल्या बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो, सुरुवातीला दोन्ही तापांत फरक करणं कठीण असतं, आणि स्क्रब टायफसला हे औषध उत्तम लागू पडतं. रिपोर्ट येईपर्यंत ते देणं शहाणपणाचं. मी स्वतः अशा पेशंटच्या अंगावर काळी खपली पडलेला चावा शोधतो, कंबरपट्ट्याखाली आणि काखेत विशेष करून.

कुठूनही रक्त येणं, पोटात सतत दुखणं, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, असंबद्ध बोलणं यांतलं एकही दिसलं तर १०८ बोलवा आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) न्या. तिथे सलाइन, गरज पडल्यास प्लेटलेट किंवा रक्त, आणि रक्तदाबावर चोवीस तास लक्ष ठेवता येतं. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. म्हणजे बहुतेक बरे होतात, पण हयगय परवडणारी नाही.

बरं झाल्यासारखं वाटतं तिथे या आजाराची एक खोड आहे. दहाएक टक्के रुग्णांना, काही वेळा त्याहून जास्त जणांना, ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे गेल्यावर दुसऱ्यांदा ताप चढतो. या वेळी मेंदूकडची लक्षणं असतात: मान ताठ होणं, हात थरथरणं, भोवळ, डोळ्यांना नीट न दिसणं, गोंधळलेपण. ताप उतरला म्हणून माणूस चौथ्या दिवशी बिया वेचायला परतलेला असतो आणि घरच्यांना वाटतं उन्हामुळे झालं. पहिल्या तापानंतर तीन आठवडे त्याला कामाला लावू नका. अशक्तपणा महिनाभरही राहू शकतो, तो आळस नाही. घरातल्यांनी घाबरून ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. माणसाकडून माणसाला हा आजार पसरत नाही. सेवा करणाऱ्याने रक्त हाताळताना हातमोजे घालावेत, एवढं पुरे.

लस. कर्नाटकात १९९० पासून एक लस वापरात होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग काही वर्षं दरवर्षी एक. शिवमोग्ग्यातल्या २००५ ते २०१० च्या आकडेवारीवरून दोन डोसांनी साधारण ६२ टक्के आणि बूस्टरसह ८३ टक्के संरक्षण मिळत असल्याचं दिसलं. टोचल्यावर दुखायचं फार, त्यामुळे दुसऱ्या डोसला लोक फिरकायचे नाहीत. पुढे लसीची ताकदच कमी भरू लागली आणि २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. आता आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून नवी लस तयार करत आहेत. ती लोकांपर्यंत आली तर पहिल्या रांगेत सत्तरीचे काजूवाले असले पाहिजेत, असं माझं मत आहे. पण या हंगामाचं नियोजन लस नाही असं धरूनच करा. कोणी खाजगीत ‘माकडतापाची लस’ देतो म्हणाला तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा.

तुम्ही विचारलं नाही, तरी गुरांचं सांगतो. गुरांना हा आजार होत नाही म्हणावं इतका किरकोळ आहे, पण गोचीडीची संख्या तीच वाढवतात. जंगलात चरायला जाणाऱ्या गुरांवर पशुवैद्यांच्या सल्ल्याने गोचीडनाशक वापरा. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला स्वतःच्या मनाने देऊ नका, ते दुधात उतरतं. गोठ्यात अंथरायला किंवा भाजावळीला (शेत भाजायला) जंगलातून पातेरा आणून घराच्या भिंतीला लावून रचायची सवय आहे, ती डिसेंबर ते मे या काळात मोडा. वानर मेलेल्या बाजूचा पातेरा तर अजिबात आणू नका. पातेरा गोळा करणाऱ्या बहुतेक बायका असतात, चुडीच्या झाडूने वाकून, उघड्या पायांनी. बागेतल्या मजुरांना तेल वाटताना त्यांना विसरलं जातं.

वटवाघळांचं थोडक्यात. निपाहची भीती केरळच्या २०१८ पासूनच्या साथींमुळे आहे आणि फळं खाणारी मोठी वटवाघळं तो विषाणू बाळगतात हे खरं आहे. दात लागलेलं किंवा खाली पडून फुटलेलं बोंड कच्चं खाऊ नका आणि मुलांना देऊ नका. नीरो (बोंडांचा रस) ताजा प्यायचा असेल तर झाडावरून काढलेल्या, धुतलेल्या, अख्ख्या बोंडांचाच प्या. भाटीवर चढणाऱ्या रसाची चिंता नको, हुर्राक आणि फेणी दोन्ही उकळूनच उतरतात, त्या उष्णतेत हा विषाणू तग धरत नाही. बोंडं मळणाऱ्यांनी मात्र काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि जिथे वटवाघळांची विष्ठा पडते त्या झाडाखाली रसाची भांडी उघडी ठेवू नयेत.

फोन आधी वाळपईला करा. मुलाला घेऊन जाणारच आहात, त्याच फेरीत वानराची जागाही नोंदवून या.